‘मेड’च्या पुढं ‘टू’ येत नाही

“पळ.”

सर म्हणाले. मी उभीच.

“अगं पळ म्हणतो ना. दारापासून टेबलापर्यंत. तुझ्या मागनं हा येईल.”

हा म्हणजे पाटलाचा पोरगा. पहिल्या बाकावरचा. तो आधीच उठून दारात जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हातांत खोटाच लगाम धरून.

नववीचा वर्ग. तिसरा तास. इंग्रजी. फळ्यावर सरांनी लिहिलं होतं, ‘टू गो’. खाली ‘टू ईट’. त्याखाली ‘टू कम’. गो म्हणजे जाणे, ईट म्हणजे खाणे, कम म्हणजे येणे, हे सगळ्यांना येत होतं. मग सरांनी विचारलं, टू म्हणजे काय? कुणालाच येईना. एक पोरगा म्हणाला, ‘दोन’. वर्ग हसला. सरही हसले.

“या टूला स्वतःचा अर्थ नसतो. मागनं क्रियापद येतंय, एवढं सांगायचं त्याचं काम. आता याला आपल्याकडचं उदाहरण काय द्यावं बरं?”

त्यांनी वर्गावरनं नजर फिरवली. शेवटच्या बाकावर आम्ही तिघी. नजर तिथं येऊन थांबली. ती नजर आम्हाला पाठ होती.

“पूर्वी मामलेदार घोड्यावरनं गावात यायचा. घोड्याच्या पुढं कोण पळायचं? तराळ. बाजूला व्हा, साहेब आले, असं ओरडत. त्याला स्वतःला काय किंमत? किंमत घोड्यावरच्या साहेबाला. तसा हा टू. क्रियापदाचा तराळ.” मग बोट माझ्याकडं. “हिचा आजा तराळ होता आपल्या गावचा. ऊठ गं. दाखव वर्गाला.”

मी पळाले.

अनवाणी. शहाबादी फरशीवर पाय फटफट वाजत होते. माझ्या मागं पाटलाचा पोरगा तोंडानं टापांचा आवाज काढत येत होता. टेबलापाशी पोचले तर सर म्हणाले, “मुकी मुकी पळतेस होय? ओरड की.” परत दारात नेलं. परत पळाले. ओरडले. “बाजूला व्हा, साहेब आले.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाकं बडवून पोरं हसली. आमच्यातली एक जण हसली. तिचा राग मला तेव्हाही आला नाही. न हसावं तर पुढची पाळी तिची होती.

सरांना वाटलं असणार, काय झकास शिकवलं. त्या वर्गातला एकही पोरगा पुढं कधी टू विसरला नसेल.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. मी ‘टू’ झाले. पाण्याच्या टाकीपाशी टू. एस.टी.च्या थांब्यावर टू. हजेरीला माझं नाव आलं की मागनं कुणीतरी हळूच म्हणायचं, “टू”. सर ऐकायचे. हजेरी घेत राहायचे.

आमचं गाव कालव्याकाठचं. श्रीरामपूर आणि कोपरगावच्या मधलं. चारी बाजूंनी ऊस. उसातनं वर आलेलं कारखान्याचं धुराडं. ऊस गावाचा, कारखाना गावाचा, शाळा गावाची. आमचं काय? आमचं त्यातलं काम. वडील हंगामात कारखान्याच्या गव्हाणीवर होते. गाडीतला ऊस उतरवून यंत्राच्या तोंडात ढकलायचा, ती गव्हाण. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या दोन्ही दंडांवर उसाच्या पातीचे चरे असायचे. आई खुरपायला जायची. इंग्रजीच्या सरांचा चाळीस एकर बागायत ऊस होता, आणि त्यांचा थोरला भाऊ कारखान्यात डायरेक्टर. सर मास्तरकी पोटासाठी करत नव्हते. हौसेखातर करत होते. हौसेखातर करणाऱ्याची छडी जास्त लागते.

शाळेत शिपाई होता. पण शनिवारी सकाळी वर्ग झाडायचं काम आम्हा तिघींकडं. सरांनीच लावलेलं. “तुमच्या हाताला वळण आहे,” म्हणायचे. गावातल्या पोरी ओट्यावर बसून गजग्यांनी खेळायच्या. आम्ही बाकं सरकवायचो, झाडायचो, बाकं परत लावायचो. नाकात खडूची भुकटी जायची. मग प्रार्थना. सगळे समान, अशा अर्थाची प्रार्थना होती. मी ती मोठ्यानं म्हणायचे.

पळाले त्या दिवशी घरी गेले आणि आज्याला सगळं सांगितलं. आजा दारात बाजेवर बसलेला असायचा. ऐंशीच्या घरातला. गावकीची कामं आम्ही सोडून वर्षं झाली होती, पण त्याचे पाय तेच होते. फासरलेले, टाचा दगडासारख्या. मला वाटलं होतं, आजा शिव्या घालील सरांना. नाहीतर मला जवळ घेईल.

आज्यानं टाचेवरनं हात फिरवला. मग म्हणाला, “घोडा मागनं यायचा. त्याच्या तोंडाचा फेस माझ्या पाठीवर पडायचा. ऊन ऊन. मागं वळून बघायची सोय न्हाई. उभं ऱ्हायलो तर घोडं अंगावर. एकदा काटा मोडला टाचंत, तरी पळालो चार कोस. न पळून सांगतो कुनाला? घरात पाच तोंडं हुती.”

मी रडायला लागले.

आज्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत माया नव्हती.

“माझ्या मागं घोडा हुता पोरी. तुझ्या मागं कोन हुतं? तू कशापायी पळालीस?”

त्या दिवशी जेवले नाही. सरांच्या हसण्यानं जे झालं नव्हतं ते आज्याच्या या एका प्रश्नानं झालं. आतापर्यंत मला नुसती लाज वाटत होती. आता राग आला. आधी स्वतःचा. कशापायी पळाले मी? माझ्या मागं खोटा लगाम धरलेला एक पोरगा होता, आणि मी खरी पळाले.

मार्थाबाई आईच्या माहेरची. श्रीरामपूरला मिशनच्या चाळीत एका खोलीत राहायची. तिच्या बापानं ख्रिस्ती धर्म घेतला होता, म्हणून ती चार बुकं शिकली. तीस वर्षं एका गोऱ्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली दवाखान्यात काढली. नर्स म्हणायचे तिला, पण पट्ट्या धुण्यापासून सगळं तीच करायची. आता एकटी होती. आई दर आठवडे बाजाराला श्रीरामपूरला गेली की तिच्याकडं टेकायची. त्या आठवड्याला मीही बरोबर गेले. दप्तर घेऊन.

“मला इंग्रजी शिकव,” म्हणाले. “सगळं नको. टू शिकव.”

मार्थाबाईनं डोळे बारीक केले. “टू? दोन?”

“दोन न्हाई. दुसरा. बिनअर्थाचा.”

सगळं सांगितलं तिला. तिनं ऐकलं. चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, “बिनअर्थाचा कोन म्हनला? आपल्यात न्हाई का? जायला, खायला, झाडायला. आपला ‘ला’ मागं चिकटतो. त्यांचा टू पुढं लागतो. काम तेच. ‘झाडायला’चं शेपूट काढून बघ. ‘मी झाड आले.’ काय कळतंय का? आं? मग बिनअर्थाचा कसा?”

चहा निवून गेला. एवढं साधं होतं. एवढं साधं सांगायला कुणाच्या आज्याला पळवावं लागत नव्हतं.

मग मी सहा-सात आठवडे जात राहिले. दुपारच्या एस.टी.नं जायचं, आईबरोबर परतायचं. मार्थाबाईकडं एक जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं, डॉक्टरीणबाईनं मायदेशी परत जाताना टाकून दिलेलं. पाठपुठ्ठा नव्हता. पण ती पुस्तकातनं कमी शिकवायची. कानातनं जास्त. तिच्या कानात तीस वर्षांचं इंग्रजी साठलेलं होतं.

एका दुपारी मी वहीत वाक्य लिहिलं. ‘सरांनी मला वर्ग झाडायला लावला.’ त्याचं इंग्रजी केलं. ‘सर मेड मी टू स्वीप द क्लास.’ झाडायला, म्हणून टू स्वीप. बरोबर वाटलं.

मार्थाबाईनं टू वर बोट ठेवलं. “ह्यो काढ.”

“का? झाडायला हाय ना?”

“आपल्यात हाय. त्यांच्यात मेकच्या पुढं, मेडच्या पुढं टू येत न्हाई. लेटच्या पुढंबी न्हाई.”

“तुला कसं ठावं? पुस्तकात हाय?”

“पुस्तकात आसंल. मला कानानं ठावं.” तिनं मान वर केली, ओठ बारीक केले आणि गोऱ्या बाईच्या आवाजात बोलली, “‘मेक हर वॉश इट अगेन.’ हिला परत धुवायला लाव. ‘लेट हर वेट आउटसाइड.’ हिला बाहेर थांबू दे. तीस वर्सं ऐकलंय. माझ्यापुढंच बोलायची, माझ्याबद्दल. एकदाबी त्यात टू ऐकला न्हाई.”

ती हसत नव्हती. मीही हसले नाही.

“आन् माझ्या बाजूनं सांगायचं झालं तर?” मी विचारलं. “करनाऱ्याचं नावच न्हाई घ्यायचं. मला लावलं, एवढंच.”

मार्थाबाईनं जरा आठवलं. मग पुस्तक काढलं, चष्मा लावला, पान शोधलं. “आय वॉज मेड टू स्वीप. हितं टू येतो.”

मी ते पान तीन वेळा वाचलं. करवणारा वाक्यात पुढं असला की टू लागत नाही. सोसणाऱ्यानं स्वतःबद्दल बोलायला तोंड उघडलं की टू लागतो. हे कुणी इंग्रजांनी आमच्यासाठी केलेलं नव्हतं. त्यांची भाषा त्यांच्या चालीनं चालत होती. पण मला त्या दुपारी वाटलं, आपल्या हातात काहीतरी धरायला आलं. धारेचं.

सहामाही परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरात निबंध होता. ‘माझी शाळा’. दहा ओळी. बाकीच्यांनी लिहिलं, माझी शाळा फार छान आहे, शाळेपुढं बाग आहे. मी लिहिलं:

‘माय स्कूल इज निअर द कॅनॉल. एव्हरी सॅटर्डे सर मेड मी स्वीप द क्लास. वन डे सर मेड मी रन. आय वॉज मेड टू शाउट. द बॉइज लाफ्ड.’

अजून पाच ओळी होत्या. त्याही अशाच. सगळं खरं होतं. एकही शिवी नव्हती.

पेपर मिळाले त्या दिवशी सर वर्गात आले ते हसतच. गठ्ठ्यातनं माझा पेपर वर काढून ठेवलेला होता. सगळ्यांचे वाटून झाले. माझा हातातच ठेवला.

“आपल्या टूबाईंनी निबंध लिहिलाय,” म्हणाले. वाचून दाखवला. एकेक वाक्य. मराठी अर्थासकट. पोरं हसायला लागली, पण पुढं पुढं हसणं पातळ होत गेलं. झाडायला लावलं, पळायला लावलं, ओरडायला लावलं, असं सरांच्याच तोंडून सरांचं नाव घेऊन एकेक येत होतं. सरांच्या ते लक्षात आलं, तेव्हा अर्धं वाचून झालं होतं. चेहरा बदलला. पेपर टेबलावर आपटला.

“मजकूर बाजूला ठेवू. भाषा बघू. मेड मी स्वीप! मेड मी रन! टू कुठंय? दोन्हीकडं टू खाल्ला. चुका दोन, गुण कट. जी स्वतःच टू आहे, तिला टू कुठं घालायचा ते कळत नाही.”

पेपरावर लाल शाईनं दोन ठिकाणी टू घुसवला होता. लांबनं दिसत होता.

मी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

“सर, मेडच्या पुढं टू येत नाही.”

सरांनी पेपर परत उचलला.

“काय म्हणालीस?”

“मेडच्या पुढं टू येत नाही. आय वॉज मेड असं असलं तर येतो. मी तिथं घातलाय.”

“तू मला शिकवणार? बाप गव्हाणीवर, आजा तराळ, आणि तू मला व्याकरण शिकवणार?”

ते छडी घेऊन आमच्या बाकाशी आले. दंडाला धरून मला फळ्यापाशी नेलं. खडू हातात दिला. “लिही. सर मेड मी टू रन. पन्नास वेळा. सगळ्यांच्या देखत.”

आता एक सांगते. त्या क्षणी मला टू घालणं काही जड नव्हतं. दोन अक्षरं. घातली असती तर घरी गेले असते. सरांचाही राग उतरला असता. पुढचं काही झालं नसतं, दादांचं काम टिकलं असतं. पण चूक सरांची होती, ती माझ्या हातानं पन्नास वेळा लिहायची होती. म्हणजे परत पळायचंच होतं. आणि मागं घोडा नव्हता.

मी लिहिलं, ‘सर मेड मी रन.’

पूर्णविराम दिला. मोठा.

छडी पोटरीवर बसली. “टू घाल.”

मी खाली परत लिहिलं, ‘सर मेड मी रन.’

परत छडी. परत वाक्य. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी त्याच्या खाली दुसरंच लिहिलं. ‘आय विल नॉट रन.’ मी पळणार नाही. खडू ठेवला आणि वर्गाकडं तोंड करून उभी राहिले. पाटलाच्या पोरानं खाली मान घातली होती. का, ते मला माहीत नाही. माहिती करून घ्यायचंही नव्हतं.

सरांनी छडी फेकली आणि हेडमास्तरांकडं गेले.

दुसऱ्या दिवशी दादांना शाळेत बोलावणं आलं. दादा पाळी सोडून तसेच आले. अंगावर उसाची पात चिकटलेली, सदरा काखेत फाटलेला. हेडमास्तरांच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दादा उभे. मी उभी. सर बसलेले.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. घाबरट होता. त्यानं माझा पेपर बघितला. मग कपाटातनं एक जाड पुस्तक काढलं, पानं चाळली, एका पानावर थांबला. बराच वेळ वाचलं. पुस्तक मिटलं. सरांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, “व्याकरण तुझं बरोबर आहे. पण प्रश्न व्याकरणाचा नाही.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. प्रश्न व्याकरणाचा नाही. महिनोन् महिने मला टू, टू म्हणून हाका मारल्या, तेव्हा प्रश्न व्याकरणाचा होता. लाल शाईनं गुण कापले, तेव्हाही व्याकरणाचाच होता. मी बरोबर निघाले, तशी त्यांनी व्याकरण कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

“माफीपत्र लिही,” हेडमास्तर म्हणाला. “इंग्रजीतच लिही, तुला येतंय ना. म्हणजे सरांनाही बरं वाटेल. मी सांगतो तसं. रिस्पेक्टेड सर. आय बेग टू अपॉलोजाइज.”

मी पेन उचललं होतं. थांबले.

“बेग म्हणजे काय, सर?”

“पद्धत असते तशी लिहायची. सगळे अर्ज तसेच असतात. आय बेग टू.”

“पण बेग म्हणजे काय?”

हेडमास्तरानं सरांकडं बघितलं. सर बोलले. “भीक मागणं. तुमच्यात ठाऊक असेल की.”

मी पेन खाली ठेवलं.

“मी लिहिणार नाही.”

“बघ,” सर दादांकडं वळले. “पोरीला समजाव. फाटकावर माणसांची कमी नाही सध्या. आमचे बंधू तुला ओळखतात.”

खरंच होतं ते. त्या वर्षी पलीकडच्या कोरडवाहू भागात पिकं गेली होती. माणसं पोरंबाळं घेऊन इकडं आली होती, मिळंल ते काम करत होती. कारखान्याच्या फाटकावर सकाळपासून रांग असायची. दादांच्या जागी दहा मिळाले असते.

दादांनी मुंडासं काढून हातात घेतलं होतं. मला वाटलं, आता हात जोडतील. माझे दादा हात जोडणारे होते. मुकादमापुढं जोडायचे, तलाठ्यापुढं जोडायचे. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

“साहेब,” दादा हेडमास्तरांना म्हणाले, “पोरीनं लिवलंय ते खोटं हाय का?”

हेडमास्तर गप्प.

“वर्ग झाडाय लावला का न्हाई?”

गप्प.

“पळाय लावलं का न्हाई?”

सर खुर्चीतनं उठले. दादा मागं सरकले नाहीत. मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं.

“मंग माफी कशाची मागायची, ते आधी मला समजावा. मी अडानी मानूस. समजलं तर मीच अंगठा देतो.”

कुणी समजावलं नाही.

शाळा सोडल्याचा दाखला चार दिवसांत हातात पडला. दादांना हंगामाच्या मध्येच कामावरनं कमी केलं. कारण सांगितलं नाही. आईनं दोन दिवस खुरपं हातातनं सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटरीवरच्या वळांना हळद लावता लावता म्हणाली, “लई महागात पडलं तुझं इंग्रजी.” मी म्हणाले, “व्हय.” ती म्हणाली, “पडू दे.”

आज्याला मी फळ्याचं सांगितलं. सहा वेळा लिहिलं, पाच छड्या खाल्ल्या, पळाले नाही. आजा बाजेवर सरकला आणि शेजारी हात आपटला. बस म्हणून. मी बसले. त्यानं कौतुक केलं नाही. त्याचे पाय माझ्या पायांशेजारी होते. एवढंच.

दादांना नगरजवळ नागापूरला काम लागलं. तिथं कारखान्यांची नवी शेडं उभी राहत होती. आधी विटा वाहिल्या, मग एका वर्कशॉपमध्ये हमालीला राहिले. आम्ही नगरला पत्र्याच्या खोलीत आलो. आजा आला नाही. म्हणाला, मी हितंच मरतो, तुमी जावा. तसाच मेला, पुढच्या वर्षी. मी पोचेपर्यंत माती झाली होती. त्याबद्दल मला सरांना माफ करता येत नाही. बाकीच्याबद्दलही येत नाही.

नगरच्या शाळेत दाखला घेऊन गेले. तिथले कारकून म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी दाखला वाचला आणि माझ्याकडं दोनदा बघितलं. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांच्या असतं ‘चांगली’. माझ्या होतं ‘उद्धट’. सरांचं अक्षर.

“बाळ, ह्याच्यावर प्रवेश मिळायला अडचण येईल,” कारकून हळू आवाजात म्हणाले. मनापासून म्हणत होते. “तू असं कर. जुन्या शाळेला दोन ओळींचं माफीचं पत्र धाड. ते बदलून देतील. चांगली, असं लिहून देतील. जन्मभराचा कागद आहे हा. पुढं नोकरीला लागतो.”

दादा बाहेर व्हरांड्यात होते. त्यांना विचारावं असं एकदा मनात आलं. विचारलं नाही. हे माझं होतं.

“बदलायचं नाही,” मी म्हणाले.

“अगं, पण विचारतील ना. हेडमास्तरीणबाई विचारतील, काय केलं होतंस म्हणून.”

“विचारू द्या. मी सांगीन. मराठीत सांगीन, इंग्रजीत सांगीन. कुणी पळायला लावलं, कुणी झाडायला लावलं, कुणी मारलं, नावासकट सांगीन. प्रवेश नाही मिळाला तर दुसऱ्या शाळेत जाईन, तिथंही हाच कागद दाखवीन. पण हे पुसून घ्यायला मी त्या गावात परत जाणार नाही, आणि पत्र धाडणार नाही. आज नाही, नोकरीच्या वेळेला नाही, कधीच नाही. तुम्ही आहे तसं रजिस्टरात उतरवा.”

त्यांनी टाक दौतीत बुडवला. तरी थांबले.

“उद्धट, असंच लिहू?”

“असंच लिहा,” मी म्हणाले. आणि त्यांनी शब्द पुरा करेपर्यंत टेबलापाशी उभी राहून बघत राहिले.